एका टांग्यातला साक्षीदार

परभणीत आमच्या गल्लीत एसी असलेली खोली एकच होती, आणि ती माणसांसाठी नव्हती. तिच्यात कॉम्प्युटर राहायचे. त्यांना ऊन सोसत नाही, धूळ सोसत नाही, म्हणून माणसांनी चपला बाहेर काढायच्या, पाय पुसून आत जायचं आणि हळू आवाजात बोलायचं. माझी आई एकदा मला डबा द्यायला आली, तर दारातूनच हात जोडून परत गेली. तिला वाटलं, आत देव बसवलाय.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या एक-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. बी.एस्सी. होऊन, नांदेडला सहा महिन्यांचा कोर्स करून मी त्या खोलीत नोकरीला लागले. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. राग नाकावर आणि संशय डोळ्यांत. दूधवाल्याने माप भरून दिलं तरी मी आधी मापाचा तळ बघायची. घरचे म्हणत, हिला सासर कसं मिळणार. मिळालं, तो भाग वेगळा. पण ज्या खोडीबद्दल मी जन्मभर बोलणी खाल्ली तिला मान देणारी माणसं मला पहिल्यांदा त्या थंडगार खोलीत भेटली, आणि त्यांचं ऋण डोक्यावर घेऊनच मी हे लिहायला बसले आहे.

त्यातले पहिले म्हणजे आमच्या कॉम्प्युटर सेंटरच्या मालकांचे मामा. रजिस्ट्री कचेरीत, म्हणजे जमिनीच्या खरेदीखतांची नोंद होते तिथे, कारकून म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. शाळा निजामाच्या राज्यात, उर्दूतून शिकलेले. निवृत्तीनंतर रोज दुपारी दोनच्या ठोक्याला यायचे, कोपरापासून हात धुवायचे, टोपी मांडीवर ठेवायचे आणि एसीच्या बरोबर समोरची खुर्ची धरायचे. "मशीन काय करायलंय ते बघावं म्हणलं," असं रोज म्हणायचे आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचे. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा त्यांना मोठा सोस होता. मालकही हसून सोडून द्यायचे. मीही त्यांना मामाच म्हणू लागले.

जागे असले की मामा कचेरीच्या गोष्टी सांगत. जमीन विकायला आलेला माणूस खरंच तोच आहे का, हे बघणं त्यांचं काम. त्याला ते शिनाख्त म्हणत. आणि कागदावरची सही त्याच माणसाची आहे ना, हे पडताळून बघणं म्हणजे तस्दीक. "आपल्यात सही म्हंजे नावाचं वळण, आन सही म्हंजे बरोबर," मामा म्हणायचे. "ह्या दोन सह्यांत अंतर किती, ते मोजायचाच पगार होता मला."

एक गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मी ती झोपेतही म्हणू शकेन. विकणाऱ्याची ओळख पटवायला एक साक्षीदार लागतो. मामा कामाला बसत ती खिडकी फाटकासमोर होती. टांगा आला की ते लेखणी थांबवून बघत. विकणारा आणि त्याला ओळखणारा साक्षीदार एकाच टांग्यातून उतरले, तर मामा तो दस्त बाजूला ठेवत. "जा, चहा पिऊन या," म्हणत, "आन येताना दुसरा साक्षीदार आणा, जो तुमच्या टांग्यात बसलेला न्हाई." लोक चिडत, शिव्या देत, साहेबाकडे तक्रार नेत. मामा हलत नसत.

त्या वर्षी आमच्याकडे डी.एड.च्या प्रवेशाचं काम आलं होतं. बारावी झालेल्या पोरापोरींचे अर्ज कॉम्प्युटरमध्ये भरायचे आणि गुणांप्रमाणे यादी छापून द्यायची. त्या काळात डी.एड. म्हणजे दोन वर्षांत झेडपीची शाळा आणि हातात पगार. गावोगावच्या पोरींसाठी तर ते एकच दार उघडं होतं. दोन महिने मी अर्ज भरत होते. कुणाचं आडनाव दोनदा, कुणाची जन्मतारीख तीन जागी तीन. मी एकेका अर्जावर बोट ठेवून वाचायची आणि शंका आली की अर्जदाराला पत्र टाकून बोलवायची. मालक कपाळाला हात लावायचे.

अशीच एक जण आली. विशीतली, कडेवर वर्षाचं पोर. गंगाखेडकडच्या एका खेड्यातली सून. बारावीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, अर्जावर सासरचं, आणि दोन्ही सह्या वेगळ्या. मी दरडावून विचारलं, "ही सही तुमचीच कशावरून?" ती गोंधळली नाही. पोराला खाली बसवलं, पेन घेतलं आणि माझ्यासमोर दोन्ही सह्या केल्या, एक माहेरची, एक सासरची. एकेक अक्षर रांगोळीच्या ठिपक्यासारखं जपून. दोन्ही जुळल्या. मला जरा लाजल्यासारखं झालं, म्हणून मी तिला पाणी दिलं.

पाणी पिता पिता तिने विचारलं, "यादी कवा लागंल, मॅडम?"

"महिनाभरात. का हो, घाई आहे?"

"घाई न्हाई. पर घरचे म्हनलेत, औंदा नंबर लागला तर जा, लेकरू आमी सांभाळू. न्हाई लागला तर दसऱ्यानंतर आमच्यासंग कारखान्याला चल. आमच्या ह्यांना जोडी नसली तर अर्धाच कोयता धरतेत."

तिकडे ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याचा अर्धा. बारावीला फर्स्ट क्लास मिळवलेली ही बाई कुणाचा तरी अर्धा कोयता व्हायची होती, आणि ते तिने कुठलाही कढ न आणता, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. पावती पदराला बांधून ती गेली. त्यानंतर दर आठवडी बाजाराला परभणीला आली की दारात डोकावून विचारायची, "लागली का?" मी मान हलवायची. तिचा अर्ज क्रमांक काय, हे मात्र माझ्या कधी लक्षात राहिलं नाही. हजारो अर्जांत कुठला राहणार?

यादी लावणारा प्रोग्राम औरंगाबादच्या एका इंजिनिअरने लिहिला होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. काम सुरू झालं तेव्हा स्वतः येऊन त्याने मला सगळं शिकवलं. प्रोग्रामची फाईल आणि साधी फाईल यांतला फरक त्याने सांगितला तो मी माझ्या भाषेत असा समजून घेतला: वाचायची फाईल फार तर खोटं बोलेल, पण चालणारी फाईल घरात शिरून भांडी उचलेल. तिचं नाव टाइप करून बटण दाबलं की ती उठते आणि मशीनमध्ये हवं ते करू शकते. म्हणून ती कुणाकडून आली, वाटेत कुणी तिला हात लावला, हे आधी बघायचं आणि मगच तिला चालवायचं.

बघायचं कसं? फाईल म्हणजे शेवटी आकड्यांची लांबलचक रांग. इंजिनिअरने एक चिमुकला प्रोग्राम दिला होता. तो त्या रांगेत पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत चालत जायचा, प्रत्येक आकड्याला त्याच्या जागेप्रमाणे गुणायचा, सगळ्याची बेरीज करायचा आणि शेवटी एक पाच आकडी संख्या दाखवायचा. रांगेत एक आकडा जरी हलला तरी संख्या बदलायची. ही काही शितावरून भाताची परीक्षा नव्हती, पातेल्यातलं शीत न् शीत मोजणं होतं. त्याला आम्ही 'बेरीज' म्हणायचो. इंजिनिअर फ्लॉपीबरोबर चिठ्ठी ठेवायचा: फाईल एवढी मोठी, बेरीज अमुक. मी इथे बेरीज काढायची. जुळली तर फाईल त्याचीच.

हे मी मोठ्या कौतुकाने मामांना सांगितलं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "चिठ्ठी कुणासंग आली?"

"फ्लॉपीसोबतच. त्याच पाकिटात."

"मग ती कसली साक्ष?" मामा म्हणाले. "एका टांग्यातली."

खरंच की. जो वाटेत फाईल बदलेल त्याला चिठ्ठी बदलायला कितीसा वेळ लागणार? मी त्याच दिवशी इंजिनिअरला पत्र लिहिलं. आता आठवलं की कानशिलं तापतात, इतकं उद्धट. तुमची चिठ्ठी बिनकामाची आहे, असंच सुरू केलं होतं. दुसरा कुणी असता तर मालकाकडे तक्रार केली असती. याचं उलट टपाली उत्तर आलं: "मॅडम, हे मला सुचायला हवं होतं. आभार. यापुढे फ्लॉपी एसटीने येईल आणि बेरीज पोस्टकार्डाने. कार्डावर माझी सही असेल. पुढच्या खेपेला तुमच्या रजिस्टरात नमुन्याची सही करतो." आणि खरंच आल्यावर त्याने माझ्यासमोर सही केली. करताना कपाला धक्का लागून चहा सांडला. त्या पानावर सहीशेजारी चहाचा डाग कायमचा राहिला.

पहिल्याच पोस्टकार्डाने मात्र मला तोंडघशी पाडलं. त्याने आकडे मराठीत लिहिले होते. त्याचा मराठी चार म्हणजे हुबेहूब इंग्रजी आठ. मी आठ वाचला, बेरीज जुळेना, अर्धा दिवस काम बंद. शेवटी मामांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "चार हाय त्यो. अंकी लिव्हलं, अक्षरी कुठंय? आमच्याकडं दोन्ही लागायचं." मालकांनी ती गोष्ट गल्लीभर केली. चहावाला मला चहा देताना विचारायचा, "चार देऊ का आठ, मॅडम?" इंजिनिअर मात्र त्यानंतर न चुकता लिहायचा: अंकी अमुक, अक्षरी तमुक.

आता मूळ गोष्टीवर येते.

अर्ज भरून झाले. कच्ची यादी काढली आणि ती वाचताना मला चूक सापडली. दोघींचे गुण सारखे असले तर वयाने मोठी वर यायला हवी. पण प्रोग्राम आधी तारीख बघायचा आणि मग महिना. त्यामुळे तीन ऑक्टोबरची मुलगी त्याच सालच्या पंधरा जानेवारीच्या मुलीपेक्षा मोठी ठरत होती. शेवटच्या जागांवर तर सारख्या गुणांच्या रांगाच्या रांगा होत्या. तिथे एकीची जागा दुसरीला गेली की पहिलीचं वर्ष बुडालं. इंजिनिअरला कळवलं. त्याने दोन दिवसांत दुरुस्ती केली. आणि नेमका तेव्हाच बंद सुरू झाला.

नामांतराच्या बाजूचे एक दिवस बंद पाळत, विरोधातले दुसऱ्या दिवशी. एसटी दोन्ही दिवस बंद. त्या बंदांमागे आमच्या भागात कुणाकुणाची घरं जळाली होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून गाडी नाही म्हटलं की कुणी वाद घालत नसे. टपालही अडकलं. यादी सोमवारी लावायची होती. शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून रोज माणूस येऊन मालकांच्या डोक्यावर बसत होता.

शनिवारी सकाळी मालक पाकीट नाचवत आले. त्यांच्या ओळखीच्या एकाचा वाटेतल्या तालुक्याच्या गावी टायपिंगचा क्लास होता. तो स्वतःच्या कामासाठी जीपने औरंगाबादला गेला होता, त्याच्यासोबत इंजिनिअरने फ्लॉपी पाठवली. रात्री आपल्या गावी मुक्काम करून सकाळी त्याने ती मालकांच्या घरी टाकली आणि तो पुढे गंगाखेडला निघून गेला.

पाकीट नवं कोरं. आत फ्लॉपी आणि चिठ्ठी. चिठ्ठी टाइप केलेली, सुबक. खाली इंजिनिअरचं नावही टाइप केलेलं.

कोपऱ्यात आमचं एक जुनं मशीन होतं, पोटात डिस्क नसलेलं. फ्लॉपीवरच जगायचं. बाहेरून आलेलं काहीही मी आधी त्यात घालायची, कारण तिथे बिघडायला काही नव्हतंच. आमचे सगळे अर्ज दुसऱ्या, मोठ्या मशीनच्या डिस्कवर होते. त्यांची एक प्रत फ्लॉप्यांवर होती खरी, पण त्या फ्लॉप्याही त्याच मशीनमध्ये घालाव्या लागायच्या. मी जुन्या मशीनवर, फाईल न चालवता, नुसती बेरीज काढली. आकार जुळला. बेरीज जुळली.

"जुळलं ना?" मालक म्हणाले. "चालवा मग. काय बघत बसलाव?"

"पोस्टकार्ड आलेलं नाही."

"अहो, टपालच बंद हाय! चिठ्ठीत लिव्हलंय की सगळं."

"चिठ्ठी फ्लॉपीबरोबर आलीय. आणि तिच्यावर सही नाही."

मालकांचा चेहरा लाल झाला. तसा माणूस भला होता, पण सोमवार मानेवर बसला होता. "मागं बी असंच केलाव तुमी, चारचा आठ! सरका बाजूला. मी चालवतो. आन लय संशय येत आसंल तर उद्यापासून येऊ नका."

मलाही राग आला. त्या काळच्या मशीनना पुढच्या बाजूला कुलूप असायचं. किल्ली फिरवली की कीबोर्ड मुका. मी मोठ्या मशीनची किल्ली फिरवली, काढली आणि कमरेला खोचली. म्हटलं, "उद्यापासून नाही येत. पण आज आहे." घरात पगार आणणारी मी एकटीच होते, हे किल्ली खोचून झाल्यावर आठवलं.

मालक काही बोलणार तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. त्या दिवशी मामा सकाळीच येऊन बसले होते, आणि मला वाटलं होतं ते झोपलेत.

"भाच्या," ते म्हणाले, "दस्त परत पाठवल्यानं कुणी मरत न्हाई. चुकीचा नोंदला की तीन पिढ्या कोर्टात जातेत. पोरगी तस्दीक मागायलीय, पगारवाढ न्हाई. जाऊ दे तिला फोनवर."

मालक खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी चपला घालून बाहेर पडले.

बंदमुळे एसटीडी बूथचं शटर अर्धं ओढलेलं. वाकून आत गेले. लाइन लागेना. वीज जायची, यायची. येलदरीच्या धरणावर, आमच्याच जिल्ह्यात तयार व्हायची आणि आमच्याच गल्लीत यायला रुसायची. दुपार टळून गेली तेव्हा कुठे पलीकडून "हॅलो" आलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी म्हटलं, "आधी सांगा, माझ्या रजिस्टरात सही करताना काय सांडलं होतं?"

पलीकडून हसू. "चहा, मॅडम. अर्धा कप."

"आता बेरीज सांगा. अंकी सांगा, एकेक आकडा."

त्याने सांगितली. मी हातावर लिहून घेतली. पाचातला एकही आकडा चिठ्ठीशी जुळत नव्हता. फाईलचा आकार विचारला. त्याची फाईल माझ्याकडच्या फाईलपेक्षा लहान होती. मी म्हटलं, "इथली मोठी आहे."

तो अगदी हळू म्हणाला, "मॅडम, ती मोठ्या मशीनवर चालवली का?"

"नाही. किल्ली माझ्या कमरेला आहे."

त्याने सोडलेला श्वास मला तारेतून ऐकू आला. म्हणाला, फाईलला व्हायरस चिकटलाय. चालवली असती तर तो मशीनमधल्या बाकीच्या प्रोग्रामांना चिकटला असता आणि पुढे कधीतरी डिस्क पुसून बसला असता. "तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत," तो म्हणाला, "फार उपकार झाले." जन्मात कुणी माझ्या संशयाचे आभार मानले नव्हते. मी फोन ठेवला आणि बूथवाल्यासमोरच मला रडू आलं. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं घरात कुणी गेलं.

परत येऊन मी मालकांना हातावरचा आकडा दाखवला. त्यांनी चिठ्ठी बघितली, हात बघितला. बाहेर गेले, स्वतः चहा घेऊन आले आणि बशी पुसून माझ्यापुढे ठेवली. मग कचेरीत जाऊन दोन दिवसांची मुदत मागून घेतली. तिथे त्यांनी साहेबांची काय बोलणी खाल्ली ते मला कधी सांगितलं नाही. रजिस्टर मात्र नवीन आणलं, जाड पुठ्ठ्याचं, आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: तस्दीक.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर स्वतः आला. अर्धी वाट कांद्याच्या ट्रकमधून, उरलेली कुणाच्या तरी मोटारसायकलवर. फ्लॉपी लाडवांच्या डब्यात ठेवलेली, आणि बेरीज सदऱ्याच्या खिशात वेगळ्या कागदावर. मामा म्हणाले, "दोन्ही एकाच माणसासंग आलं की!" तो म्हणाला, "मामा, ह्या वेळी विकणाराच हजर आहे." मामा इतके हसले की टोपी मांडीवरून खाली पडली.

त्याच संध्याकाळी टायपिंगवाले गंगाखेडहून परतताना आले. मी त्यांना फाडून खायच्या तयारीत होते. पण तो माणूस इतका सरळ निघाला की माझी उचललेली जीभ परत जागेवर गेली. म्हणाले, "मॅडम, रात्री म्हणलं बघावं, वाटंत खराबबिराब झाली का. माझ्या मशीनवर चालवून बघितली. टपाल बंद म्हणून साहेबांनी संग चिठ्ठी दिली होती; फ्लॉपीवरच्याच बेरजेच्या प्रोग्रामनं बेरीज काढली तर तिच्याशी जुळंना. मला वाटलं, लिव्हायला चुकले असतील साहेब. माणूस चुकतो, मशीन थोडंच चुकतंय? तुमची उगाच अडचण नको, म्हणून नवी चिठ्ठी टाइप केली. बरोबर करून."

बरोबर करून! आमच्याकडे हे असंच चालतं. माल आणि कागद जुळेनात, तर कागद सुधारायचा. त्यात त्यांना लबाडीचा वाससुद्धा नव्हता; उलट मला मदत करायची होती. त्यांच्याच मशीनमधून व्हायरस फाईलला चिकटला होता आणि त्यांनी व्हायरससकट फाईलची नवी, बिनचूक चिठ्ठी दिली होती. पुढे आठवड्याभरात त्यांचं मशीन बसलं, सगळी डिस्क कोरी झाली. तेव्हा ते पुन्हा आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमची तस्दीक मला बी शिकवा." मी शिकवली.

पोस्टकार्ड यादी छापून झाल्यावर चार दिवसांनी पोचलं. अंकी आणि अक्षरी, खाली सही. मी ते नव्या रजिस्टरात पहिल्या पानावर चिकटवलं.

यादी बुधवारी लागली. शाळेच्या भिंतीवर, नुसते अर्ज क्रमांक, चार कागद. मी बघायला म्हणून गेले, खरं तर कागद सरळ चिकटवलेत का ते तपासायला. गर्दी ओसरली होती. भिंतीकडे पाठ करून ती उभी होती. कडेवर पोर, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"बघितलं का?" मी विचारलं.

"न्हाई."

"अहो, मग वळा की. वाचता येतं तुम्हाला."

"येतं. म्हनूनच न्हाई वळत," ती म्हणाली. "मला जे पायजे तेच मला दिसंल. परवा एसटीच्या पाटीवर बी मला माझाच नंबर दिसला. तुमी वाचा, मॅडम. मी नंबर सांगत न्हाई. शेवटून वाचा."

मी एरवी कुणाच्या असल्या खुळात शिरले नसते. पण मला मामांची खिडकी आठवली. तिचा नंबर मला ठाऊक नव्हता. आम्ही दोघी एका टांग्यातल्या नव्हतो.

मी शेवटच्या कागदाच्या तळाला बोट ठेवलं आणि वाचायला लागले. एक नंबर, दुसरा, तिसरा. ती ढिम्म. दहा झाले. पोर माझ्या ओढणीशी खेळायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, तस्दीकबिस्दीक जाऊ दे चुलीत, हिने नंबर सांगावा आणि मी "आहे" म्हणून मोकळं व्हावं. वीस झाले. कागद संपत आला.

"आठशे चौऱ्याऐंशी."

तिची मान हलली. "पुन्ना."

"आठशे चौऱ्याऐंशी."

"तसं नको. एकेक आकडा सांगा."

"आठ. आठ. चार."

तिने मूठ उघडली. पावती घामाने ओली झाली होती, शाई पसरली होती. ती तिने स्वतः बघितली नाही. माझ्या हातात दिली.

"आता तुमी बघा," ती म्हणाली. "जुळतंय का?"

मी पावती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. डोळ्यांत पाणी आलं की चार आणि आठ सारखेच दिसतात. मी डोळे पुसले, पावती भिंतीवरच्या कागदाला लावली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले.

"जुळतंय," मी म्हटलं.